कडेवरून दिसणारं जग

घरात नवं पिल्लू आलं की दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, सगळ्या लसी होईपर्यंत त्याला घराबाहेर काढू नका. दुसरा म्हणतो, जग आत्ताच दाखवा, पुढे उशीर होईल. दोन्ही सल्ले खरे आहेत, म्हणूनच पेच पडतो.

पिल्लाचे डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात. पुढच्या आठवडाभरात त्याला नीट ऐकू येऊ लागतं. तिथपासून १२ ते १४ आठवड्यांचं होईपर्यंत त्याचं मन नव्या गोष्टी चटकन आपल्याशा करतं. नंतर अनोळखी गोष्टीपुढे कुतूहल मागे पडतं आणि भीती पुढे येते. अमेरिकेतल्या मेन राज्यात जॅक्सन प्रयोगशाळेत यावर एक प्रयोग झाला आणि १९६१ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात काही पिल्लांना १४ आठवडे माणसाचा सहवास मिळू दिला नव्हता. त्यांना कुणी मारलं नव्हतं, की उपाशी ठेवलं नव्हतं. आई आणि भावंडं जवळच होती. तरीही पुढे माणूस दिसला की ती रानातल्या जनावरासारखी बिचकून पळत. वाईट अनुभवाने भीती बसते हे आपण जाणतो. पण अनुभवच न मिळाल्यानेही ती बसते, हे आपल्या लक्षात येत नाही.

आता लसींचं वेळापत्रक पाहा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना मिळते. मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, आणि ते संपेपर्यंत पिल्लू १६ आठवड्यांचं होतं. पार्व्होसारखा जीवघेणा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, तेव्हा डॉक्टरांची काळजी रास्तच असते. पण लसी पूर्ण होईपर्यंत थांबलो, तर मनाचं दार बरंचसं मिटलेलं असतं.

यावरचा उपाय आपल्या घराघरात पूर्वीपासून आहे. तान्ह्या मुलाला आपण जग दाखवतो ते कडेवरून. पिल्लालाही तसंच घ्यावं आणि सोसायटीच्या गेटपर्यंत जावं. पाय मातीला लागू द्यायचे नाहीत, पण डोळे, कान आणि नाक मोकळे ठेवायचे. हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, काठी टेकत येणारे आजोबा, फटकन उघडणारी छत्री, शाळेची बस, भाजीची हातगाडी, सगळं त्याला लांबून निवांत पाहू द्यावं. ज्याच्या लसी झाल्या आहेत अशा ओळखीतल्या शांत कुत्र्याची भेट घडवावी.

घरातही शाळा चालूच असते. कुकरची शिट्टी झाली की पिल्लाचे कान मागे जातात, अंग जमिनीला चिकटतं, शेपूट पोटाखाली जाते. त्याच क्षणी आपण शांत राहून उकडलेल्या चिकनचा बारीकसा तुकडा पुढे ठेवला, तर आधी नाक हलतं, मग मान वर येते. असं काही वेळा झालं की शिट्टी वाजताच ते ओट्याकडे न बघता आपल्या हाताकडे बघायला लागतं. मात्र जबरदस्ती नको. ते मागे सरकलं तर सरकू द्यावं, त्याला खेचून पुढे आणू नये. धाकाने ते गप्प बसेल, पण आतली भीती वाढत जाईल. घरात शू केली म्हणून त्याचं नाक त्यात घासणं हीही तसलीच चूक. त्यातून ते जागा शिकत नाही, आपल्याला भ्यायला शिकतं. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्यावं, काम झालं की तिथल्या तिथे शाबासकी द्यावी.

या आठवड्यांत जे राहून जातं, त्याची किंमत तो जीव पुढे वर्षानुवर्षं मोजतो. मोठा झालेला भित्रा कुत्रा पाहुण्यांवर गुरगुरतो, म्हणून त्याला बांधून ठेवतात. बांधल्यामुळे तो आणखी चिडतो, भीतीपोटीच एखाद्याला चावतो, आणि मग सगळे म्हणतात, कुत्राच वाईट निघाला.

जपणं म्हणजे दार लावून घेणं, असा आपला समज असतो. त्याने आजचा धोका टळतो, पण उद्याचं बळ येत नाही. आपल्या भरवशावर असलेल्या कुठल्याही लहान जीवाला दोन्ही गोष्टी लागतात: खाली पडू न देणारा हात आणि समोर मोकळं जग. घरात पिल्लू असेल तर आज संध्याकाळीच त्याला उचलून घ्या आणि दहा मिनिटं बाहेर उभे राहा. 'बस' आणि 'थांब' ते पुढेही शिकेल, पण जगावर विश्वास ठेवायला शिकण्याचे दिवस मात्र हेच आहेत.