सेनापतीचे मरण



गेल्या रविवारी मिस्सानंतर फौजेच्या भरतीची तयारी करणाऱ्या आपल्यातल्याच एका मुलाने मला विचारले, "फादर, सेनापती सगळ्यांच्या पुढे धावून मेला, तर तो मोठाच ना?" त्याच्या मनात प्रतापराव गुजर होते. मी पटकन 'हो' म्हणालो. ते 'हो' आठवडाभर मला टोचत राहिले.

प्रतापराव साताऱ्याच्या खटाव भागातले, भोसऱ्याचे. शिवाजी महाराजांचे सरनौबत, म्हणजे सगळ्या घोडदळाचे प्रमुख. एप्रिल १६७३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या उमराणीला त्यांनी विजापूरच्या बहलोलखानाला कोंडले व त्याचे पाणी तोडले. ऐन उन्हाळ्यात फौज तहानेने कासावीस झाली, खान शरण आला आणि रावांनी त्याला वाट दिली. खान पुन्हा उलटला. महाराजांचा बोल रावांच्या जिव्हारी लागला. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीला खान समोर दिसताच ते फौजेची वाट न बघता मोजक्या स्वारांनिशी (सहा, असे सांगतात) त्याच्यावर तुटून पडले आणि सगळे कामी आले.

शरण आलेल्याला जीवदान देणे चूक का? नाही. शस्त्र टाकलेल्याला मारू नये हीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे. पण ज्या गावांवर तीच फौज पुन्हा चालून येणार, त्यांच्या वतीने खानाच्या शब्दावर विसंबण्याचा अधिकार रावांना होता का? इथे माझे मन अडखळते. नेसरीबद्दल मात्र अडखळत नाही. तिथे रावांनी स्वतःची लाज धुतली, पण मागे हजारो घोडेस्वार धन्यावाचून राहिले. सेनापतीचा जीव त्याचा एकट्याचा नसतो.

सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस वाचताना एका गोष्टीचे मला नवल वाटले होते. सेनापतीच्या गुणाचा विचार ते केवळ धैर्याखाली करत नाहीत. विवेकाचा एक प्रकार म्हणून त्याला वेगळी जागा देतात. धाडस शिपायालाही लागते. केव्हा थांबायचे हे वरच्याला कळावे लागते. कफर्णहूमचा शताधिपती आठवा: त्याच्या हाताखाली शिपाई होते, आणि आपणही कोणाच्या तरी हुकमाखाली आहोत हे तो विसरला नव्हता. आपल्या घटनेतही तिन्ही दलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, कोणा जनरलकडे नाही. जानेवारी २०२० पासून तिन्ही दलप्रमुखांच्या जोडीला संरक्षणदल प्रमुख आले; पण त्यांनाही दलप्रमुखांवर लष्करी हुकूम चालवता येत नाही.

आता थोडे धाडसाचे बोलतो. ज्याच्या एका शब्दावर माणसे जीव टाकतात, त्याने रागाचा शब्दही तोलूनच वापरावा लागतो. महाराजांना हे मागाहून किती लागले असेल, कोण जाणे. कराडजवळच्या तळबीडचे हंबीरराव मोहिते नवे सरनौबत झाले, जूनमध्ये राज्याभिषेक झाला, राज्य पुढे चालले. आणि १६८० साली, स्वतःच्या निधनाच्या काही आठवडे आधी, महाराजांनी प्रतापरावांची मुलगी जानकीबाई राजारामांसाठी सून म्हणून घरात आणली.

त्या मुलाला आज मिस्सानंतर थांबायला सांगितले आहे.

तुमचा,
फादर