घशातले भय

वाचक माउलींनो, ह्या महिन्यात एका लहानशा दिसणाऱ्या गोष्टीविषयी लिहावयाचे आहे. गोष्ट घशाची आहे, पण प्रश्न श्रद्धेचा आहे. ज्या गळ्यात तुळशीची माळ घातली, त्याच गळ्यात भय येऊन बसले तर माळकऱ्याने काय करावे? असे भय वाटणे हाच मुळी अविश्वास आहे काय?

घडले ते असे. मागच्या आषाढी वारीत लोणंदच्या मुक्कामी आम्ही पंगतीला बसलो होतो. पिठलं-भाकरीचा घास घेतला आणि तो घशात थांबल्यासारखा वाटला. पाणी प्यालो, घास गेला. पण ‘काहीतरी अडकलंय’ ही भावना काही जाईना. तरडगाव झाले, फलटण झाले. आम्ही चालता चालता आवंढा गिळून बघत होतो. गेला का? नीट गेला का? रात्री राहुटीत एका मुलाच्या मोबाइलवर वाचले की, गिळायला त्रास होणे हे पक्षाघाताचे, कंपवाताचे, किंवा स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या मोटर न्यूरॉनच्या रोगाचे लक्षण असू शकते. झाले! त्या रात्री हरिपाठ तोंडाने म्हटला, मन मात्र जिभेवर पहारा देत बसले. जीभ थरथरते का? शब्द अडखळतो का?

गंमत अशी की, जेवायला बसले आणि शेजारच्या माउलींशी बोलणे लागले, की भाकरी सुखाने खाली उतरे. पंगत उठली की गोळा पुन्हा हजर!

एका जुन्या माळकऱ्याजवळ मन मोकळे केले. ते प्रेमानेच म्हणाले, “माउली, नाम घेता अन् भिता? मग त्या नामाचा उपयोग काय?” शब्द लागला. तोवर एकच ओझे होते, रोगाच्या भयाचे. आता त्यावर भिण्याच्या लाजेचे दुसरे चढले.

आमच्याच दिंडीत एक विणेकरी होते. त्यांची तऱ्हा अगदी उलट. पहाटे काकड्याला आवाज खणखणीत. रात्रीच्या कीर्तनात मात्र थोड्याच वेळात तो नाकातून येऊ लागे. पापण्या खाली ओघळत. जेवण संपत आले की जबडा थके, पाण्याचा ठसका लागे, एखादे वेळी पाणी नाकावाटे परत येई. कोणी विचारले तर हसून म्हणत, “माउली बघून घेईल.” ह्या उत्तराला आम्ही सगळ्यांनी हात जोडले. केवढी ही निष्ठा, असे वाटले. आणि आपल्या भित्रेपणाची आम्हाला अधिकच लाज वाटली.

वारीहून परतल्यावर घरच्या मंडळींच्या आग्रहाने आम्ही डॉक्टरांकडे गेलो, आणि विणेकरीबोवांनाही जवळजवळ ओढूनच नेले. तेथे जे समजले ते सांगण्यासारखे आहे.

घास चावणे आणि जिभेने मागे लोटणे, एवढेच काय ते आपल्या हातात. त्यापुढचे काम मेंदूच्या बुंध्याशी असलेले केंद्र आपल्याला न विचारता करते. टाळू वर उचलली जाते म्हणून अन्न नाकात जात नाही. स्वरयंत्राचे दार मिटते, श्वास क्षणभर थांबतो, म्हणून ते फुप्फुसात जात नाही. पंचवीस-तीस स्नायू आणि मेंदूतून निघणारे पाच मज्जातंतू एका तालात चालतात, आणि एका सेकंदाच्या आसपास घास घसा ओलांडून अन्ननलिकेत उतरतो. दिवसाकाठी हे शेकडो वेळा घडते, झोपेतसुद्धा. गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंतांनी पोटात अन्न पचविणारा वैश्वानर स्वतःलाच म्हटले आहे, हे आपण जाणतो. आम्हाला वाटते, त्याचा हात पोटाच्या आधी, घशापासूनच लागलेला असतो. पखवाजावर सरावाने पडणारी बोटे कोणी एकेक मोजू लागला तर ताल बिघडतो. तसेच आपोआप जाणाऱ्या आवंढ्यावर आम्ही पहारा बसवला, आणि कोरडे आवंढे गिळून गिळून घसा अधिकच आवळला.

डॉक्टरांनी दुर्बिणीतून घसा पाहिला, जीभ पाहिली, हातापायांची ताकद पाहिली, समोर पाणी प्यायला लावले. मग म्हणाले, “गोळा जेवताना जातो आणि रिकाम्या घशात येतो, वजन उतरलेलं नाही, ठसका नाही, बोलणं स्वच्छ आहे. हा मज्जातंतूंचा रोग नव्हे.” पोटातले आम्ल वर येत होते, त्यात मनाचा ताण. असा गोळा पुष्कळांना वाटतो. तो खोटा नसतो, पण घातकही नसतो.

मज्जातंतूंचा रोग बहुधा एकटा येत नाही, आपली दिंडी घेऊन येतो. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन ह्या डॉक्टरांनी कंपवातावर निबंध लिहिला. त्यात गिळण्याचा आणि लाळ गळण्याचा त्रास नोंदला आहे, पण तो थरथरणारे हात आणि बिघडलेली चाल ह्यांच्या संगतीने. म्हणून ठसका वारंवार लागणे, बोलणे जड होणे, पाणी नाकातून येणे, वजन उतरणे, पुन्हापुन्हा छातीत कफ होऊन ताप येणे, ही चिन्हे दिसली तर उशीर करू नये. आधी भाकरी अडते, मग भातही अडू लागतो, असे झाले तर अन्ननलिका तपासून घेतलीच पाहिजे. मिशेरी, तंबाखू, सुपारी ह्यांची सवय असलेल्यांनी तर विशेषच. आणि तोंड वाकडे होऊन, एक हात लुळा पडून गिळणे बंद झाले, तर तो पक्षाघात; तेथे घटकाभराचाही विलंब नको.

विणेकरीबोवांना मात्र खरोखरच रोग निघाला. मायस्थेनिया ग्रॅव्हिस त्याचे नाव. मज्जातंतूचा निरोप स्नायूला जेथे पोचतो, तेथेच शरीराची स्वतःची संरक्षक शक्ती अडथळा आणते. म्हणून स्नायू विश्रांतीनंतर चालतो आणि वापराने थकतो. सकाळी खणखणीत आणि रात्री नाकातला आवाज, ह्याचे कारण हेच. ह्या रोगाला औषध आहे. पण दुर्लक्ष केले तर श्वासाचे स्नायूही थकतात आणि प्राणावर बेतते. डॉक्टर म्हणाले, “आणखी थांबला असता तर अवघड होतं.” गेल्या कार्तिकीला बोवा वीणा घेऊन उभे होते, गोळ्यांच्या वेळा सांभाळून, मधे मधे बसून.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आमचे भय आणि बोवांची बेफिकिरी ह्यांत श्रद्धा कोणाची? विचार केला तेव्हा कळले की, दोघांचीही चूक एकच होती. दोघांनाही खरे काय ते पाहायचे नव्हते. आम्ही न पाहताच सर्वांत वाईट ते खरे मानले. बोवांनी न पाहताच काही नाही असे मानले, आणि त्याला देवाचे नाव दिले. पुढे एकदा तेच आम्हाला म्हणाले, “मनातून मीही घाबरलो होतो हो! माउली बघेल म्हटलं की कोणी पुढं विचारत नव्हतं.” भय हे देहाचे राखणदार आहे. ते भुंकले म्हणून भक्ती बाटत नाही. दार उघडून कोण आले ते पाहावे. दारही उघडायचे नाही आणि रात्रभर भुंकणेही ऐकत बसायचे, ह्याला मात्र काही अर्थ नाही.

कोणी म्हणेल, प्रारब्धात आहे ते चुकत नाही, मग डॉक्टर कशाला? बरे तर! पंढरीच्या वाटेवर नीरा लागते, तेव्हा आपण पुलावरूनच जातो ना? पूल कोणा माणसाने बांधला म्हणून वारी उणी होत नाही. मात्र एकदा पूल ओलांडल्यावर पुन्हा मागे येऊन तो हलतो का ते पाहणे, हेही वेडच. आम्हीही दुसऱ्या, तिसऱ्या डॉक्टरांकडे जाण्याच्या बेतात होतो. एकदा नीट तपासले, विश्वासाच्या माणसाने सांगितले, की आवंढा ज्याचा त्याच्यावर सोपवावा. नवे लक्षण आले तर पुन्हा जावे. तोवर पहारा उठवावा.

पण खरी परीक्षा ह्यापुढे आहे. दार उघडले आणि बाहेर तोच रोग उभा असला तर? तशी माणसेही आपल्यात आहेत, त्यांना गोड बोलून फसवू नये. मोटर न्यूरॉनच्या रोगातून बरे करणारे औषध आज नाही. अन्न मऊ करता येते, गिळण्याची रीत शिकवणारे तज्ज्ञ असतात, वेळ आली तर नळीने पोटात अन्न देता येते. आवाजही जाऊ शकतो. मग नाम कोठे राहील? आम्ही पुष्कळ दिवस ह्याचा विचार केला. जे पहिल्या दिवसापासून जिभेच्या मागे राहून जिभेला चालवीत होते, त्याला जिभेची गरज किती? पाय थकल्यावर मनाने वारी करणारे वृद्ध आपण पाहिले आहेत. जीभ थकल्यावर मनाने नाम घेणाऱ्याची वारीही विठोबा मोजीत असेलच.

राहता राहिले आपले, म्हणजे दिंडीचे कर्तव्य. ज्याला घास अडतो त्याला ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून उडवून लावू नये आणि ‘नाम कमी पडले’ म्हणून टोचूही नये. पंगतीत तो मागे राहिला तर उष्टी काढण्याची घाई करू नये. आणखी एक. पक्षाघात झालेल्याच्या तोंडात प्रेमाने तीर्थ घालण्याची आपली रीत आहे. गिळता येत नसेल तर ते पाणी फुप्फुसात उतरते आणि जिवावर बेतते. डॉक्टरांनी गिळणे तपासून होय म्हणेपर्यंत बोट भिजवून ओठांना लावावे. भाव तेवढाच पोचतो.

आमचा गोळा अजून अधूनमधून येतो. आला की आम्ही त्याला म्हणतो, “आलात? बसा.” आणि टाळ हाती घेतो.

रामकृष्ण हरि.