तिघांचं एकमत

गेल्या रविवारी आमच्या चिरंजीवांनी जेवणाच्या टेबलावर तीन कॉम्प्युटर मांडले. मला मात्र एकच लॅपटॉप दिसत होता. बाकीचे कुठे आहेत म्हणून विचारलं, तर "बाबा, तिन्ही आतच आहेत," असं उत्तर मिळालं. दत्तापुढे हात जोडणाऱ्या माणसाला हे पटायला जड जाऊ नये; पण दत्ताला चार्जर लागत नाही.

यांना म्हणे व्हर्च्युअल मशिन म्हणतात. एकाच यंत्राने अनेक असल्याचं सोंग घ्यायचं. ही विद्या आजची नव्हे. आयबीएमने आपल्या अवाढव्य यंत्रांसाठी ती १९७२ सालीच बाजारात आणली होती. चिरंजीवांनी सोळा जीबी मेमरीतली चार जीबी वाढून एक मशिन उभं केलं आणि त्याच्या दोन नकला काढल्या. नकला इतक्या हुबेहूब, की तिघांचं नावगावही एकच! मग रीतसर बारसं करून तिघांना निराळी नावं, निराळे पत्ते दिले आणि कुबरनेटीस नावाच्या व्यवस्थेत त्यांचं एकत्र कुटुंब थाटलं.

या कुटुंबाचा कारभार बहुमतावर चालतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या 'राफ्ट' पद्धतीप्रमाणे ते आपसांत एक पुढारी निवडतात, आणि निम्म्याहून अधिकांनी लिहून घेतल्याखेरीज कुठलीही नोंद पक्की मानत नाहीत. तिघांतला एक पडला तरी काम चालतं. दोघे पडले, तर उरलेला नवीन काही लिहून घ्यायलाच नकार देतो. 'मी एकटा आहे, तेव्हा माझंच खरं असं मी म्हणू नये,' इतकं शहाणपण मला तीस वर्षांच्या संसारातही आलेलं नाही.

चिरंजीवांनी एक मशिन बंद करून दाखवलं. कारभार सुरळीत! "बघा बाबा, आता याला मरण नाही," असं तो म्हणतोय, तोच सौभाग्यवतींनी मिक्सर लावायला प्लग उपटला. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच वारलेली. तिन्ही मशिनं एकमताने गेली.

मी मनसोक्त हसलो, आणि मधेच थांबलो. माझ्या खिशात एक पत्र होतं. आमच्या सोसायटीच्या कमिटीत आम्ही तिघे. रात्रीचा वॉचमन झोपतो, सबब त्याला काढावं, असा ठराव आदल्याच दिवशी आम्ही एकमताने केला होता. पण त्याला झोपलेलं पाहिलं कोणी? अध्यक्षांना दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी सांगितलं, खजिनदारांनाही त्यांनीच, आणि मला जिन्यात गाठून त्यांनीच. म्हणजे सह्या तीन, प्लग एक! तिघांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिलेलं असेल, तर बहुमताला काही अर्थ. नाहीतर ते एकाचंच बोलणं तीनदा ऐकणं झालं, आणि तेवढ्यावर आम्ही एका माणसाची भाकरी काढून घ्यायला निघालो होतो.

रात्री दोन वाजता मी खाली उतरलो. वॉचमन खरोखरच झोपला होता!

मी खाकरलो. तो धडपडत उठला. "साहेब, दिवसाचा माणूस तुम्ही मागच्या महिन्यात कमी केला. तेव्हापासून दोन्ही पाळ्या मीच करतोय."

तोही ठराव एकमतानेच झाला होता. अक्षर माझंच.

पत्र अजून खिशातच आहे. उद्या पुन्हा बैठक बोलावली आहे, आणि या खेपेला चौथी खुर्ची वॉचमनसाठी मांडणार आहे. चिरंजीवांनाही मी बजावलंय, बाबा रे, निदान एक मशिन तरी शेजारच्यांच्या घरी ठेव. त्यांचा मिक्सर बिघडलाय.