चांगुणेचे उखळ

मराठीत नरभक्षकांचे भयपट फसतात ते पैशाअभावी, असे अलीकडे मी नाशिकच्या तरुण चित्रपटवाल्यांकडून वरचेवर ऐकतो. सिलिकॉनचा मेकअप परवडत नाही, व्हीएफएक्स परवडत नाही, म्हणून रक्त खोटे दिसते आणि प्रेक्षक निराश होऊन उठतो, असे त्यांचे म्हणणे. एका चर्चेत तर एका दिग्दर्शकाने पुढे जाऊन सांगितले की, माणसाने माणसाला खाण्याची कल्पनाच आपल्या संस्कृतीला परकी आहे. मग गोष्ट बाहेरून उसनी आणण्यावाचून गत्यंतर काय? त्या दिवशी वेळ संपली आणि उत्तर राहून गेले. ते इथे सविस्तर देतो.

पैशाचे गाऱ्हाणे नाशिकमध्ये तरी कुणी गाऊ नये. दादासाहेब फाळके १८७० मध्ये इथल्याच त्र्यंबकेश्वरात जन्मले आणि १९४४ मध्ये नाशिकमध्येच गेले. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे करायचे होते तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडी थोडी चित्रे घेत अंकुराची वाढ टिपली आणि ती इवलीशी फिल्म सावकारांना दाखवली. सरस्वतीबाईंचे दागिने गेले, सगळ्या कंपनीचा स्वयंपाक त्यांच्याच हातचा होता. १९१३ मध्ये ते चित्र पडद्यावर आले. बियाणे उगवताना पाहून लोक थक्क झाले, कारण फाळक्यांनी कुणी इतके जवळून न पाहिलेले काहीतरी दाखवले होते. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. तिथून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांनी बजेटची सबब सांगितली की मला वाईट वाटते.

आता हे स्वस्त चित्रपट असतात कसे, तेही पाहू. शहरातली चार-पाच पोरे गाडी घेऊन निघतात. गाडी पेठ-सुरगाण्याच्या बाजूच्या रानात बंद पडते, मोबाइलची रेंज जाते. मग अंगाला राख फासलेली, गळ्यात हाडांच्या माळा घातलेली माणसे ढोल वाजवत येतात. आतडी म्हणून खाटकाकडून आणलेली वजडी वापरतात आणि तिच्यावर खाण्याच्या लाल रंगाचे पाणी ओततात. दिव्याखाली वजडीच्या कडा सुकू लागतात, तिचा मधमाशीच्या पोळ्यासारखा पोत स्पष्ट दिसतो, आणि रविवारी ती घरी साफ करून शिजवणारा प्रेक्षक तिला तत्क्षणी ओळखतो. ही ओळख लपवण्यासाठी दिग्दर्शक कॅमेरा हलवतो, अंधार करतो, किंकाळ्या वाढवतो. त्याच्या हाती आलेली सगळ्यात भयंकर गोष्ट तीच होती, आणि ती झाकण्यात त्याने आपली सारी शक्ती घालवली.

हा साचा आपला नाही, इटलीचा आहे. उंबेर्तो लेन्झीने १९७२ मध्ये थायलंडमध्ये जाऊन पहिला असा चित्रपट काढला, तो चालला, आणि पुढची दहा वर्षे रांग लागली. थायलंड, श्रीलंका, अ‍ॅमेझॉन, जिथे माणसे कमी पैशांत मिळतील तिथे युनिट जाई. १९८० च्या ‘ईटन अलाइव्ह’मध्ये तर लेन्झीने आधीच्या चित्रपटांतली दृश्ये सरळ कापून चिकटवली. त्याच वर्षी रुज्जेरो देओदातोचा ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ आला. त्यातले मृत्यू इतके खरे वाटले की, नट जिवंत आहेत हे देओदातोला इटलीतल्या अधिकाऱ्यांपुढे सिद्ध करावे लागले. माणसे जिवंत होती. प्राणी मात्र खरोखर मारले होते. नदीतले एक मोठे कासव काठावर ओढून आणतात, त्याची मान उडवतात, पाठीचे कवच उचकटतात. पाय बराच वेळ हलत राहतात. मेकअपचा खर्च शून्य. ज्यांना हा चित्रपट कमी खर्चातल्या कल्पकतेचा नमुना वाटतो, त्यांनी ते कासव पुन्हा एकदा पाहावे. इथे कल्पकता संपली म्हणून सुरा काढला आहे.

आणखी एक गुन्हा त्या चित्रपटाने केला, त्याची चर्चा फारशी होत नाही. त्यातल्या नरभक्षकांना त्याने यानोमामी या खऱ्या जमातीचे नाव दिले. ही अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली आजही हयात असलेली माणसे आहेत. त्यांच्याकडे मृताचे दहन करतात, हाडे कुटून पूड करतात आणि ती राख केळ्याच्या कांजीत मिसळून आप्त रडत रडत पितात. आपला माणूस मातीत एकटा पडू नये म्हणून. हा शोक होता. पडद्यावर त्याची शिकार झाली.

इथे मला विल्यम अ‍ॅरन्सची आठवण येते. या मानववंशशास्त्रज्ञाचे ‘द मॅन-ईटिंग मिथ’ हे पुस्तक १९७९ चे, म्हणजे देओदातोच्या चित्रपटाच्या अवघे एक वर्ष आधीचे. त्याचा युक्तिवाद मला आजही खिळवतो. उपासमारीतले अपवाद आणि विकृत गुन्हेगार वगळले तर, नरभक्षण ही एखाद्या समाजाची मान्य चाल असल्याचा भरवशाचा प्रत्यक्ष साक्षीदार मिळत नाही, असे तो म्हणतो. मिळतात त्या ऐकीव गोष्टी. प्रवासी विचारतो, इथे माणसे खातात का? लोक सांगतात, आम्ही नाही, डोंगरापलीकडचे खातात. डोंगरापलीकडे गेले की तिथले लोक अलीकडे बोट दाखवतात. किंवा सांगतात की आमचे पूर्वज खायचे, आम्ही सोडले. आणि हा आरोप ज्यांच्यावर होतो त्यांची जमीन घ्यायला, त्यांना गुलाम करायला आरोप करणारा मोकळा होतो.

नाशिककराला हे समजायला अ‍ॅमेझॉनला जायची गरज नाही. आपण दंडकारण्यात राहतो. वाल्मीकींच्या अरण्यकांडात ऋषी रामाला राक्षसांनी मारलेल्या मुनींची शरीरे दाखवतात; पंचवटीत शूर्पणखा सीतेला खाऊन टाकण्याची धमकी देते. राक्षस म्हणजे अमुक जमात, असले समीकरण मी मांडत नाही. पण खाणारा नेहमी रानात, आश्रमाच्या कुंपणापलीकडे असतो, ही मांडणी तिथे आहेच. आज सुरगाण्याच्या रानात राख फासलेली माणसे उभी करणारा दिग्दर्शक तेच कुंपण पुन्हा घालतो. फरक इतकाच की, आता त्या रानात कोकणा, वारली आणि महादेव कोळी राहतात. त्यांची पोरे नाशिकच्या कॉलेजांत शिकतात आणि आपल्या आजोबांना पडद्यावर हाडे चघळताना बघतात. याला मी निराशाजनक चित्रपट म्हणून सोडून देणार नाही. ही बदनामी आहे.

शहरातही हा आरोप गरिबालाच चिकटतो. निठारीचे प्रकरण २००६ च्या अखेरीस उघडकीला आले आणि बंगल्यातला नोकर ‘नरभक्षक’ म्हणून देशभर गाजला. २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या खटल्यांत नोकर आणि मालक दोघांनाही निर्दोष सोडले. त्यानंतर वर्षभरात, सप्टेंबर २०२४ मध्ये, त्याच प्रकरणावर बेतलेला ‘सेक्टर ३६’ आला, आणि त्यातला नोकर माणूस खातोच. तपास कोलमडला होता, पण गोष्ट शाबूत राहिली. अ‍ॅरन्स हे पाहता तर त्याने नवे प्रकरण लिहिले असते.

इथपर्यंत मी अ‍ॅरन्सबरोबर आहे. पुढे नाही. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांत कुरू नावाचा मेंदूचा रोग होता. मृत आप्तांना खाण्याच्या चालीतून तो पसरला, आणि बायका-मुलांत तो जास्त होता, कारण मेंदूचा वाटा त्यांच्याकडे येई. अ‍ॅरन्सने यावरही शंका घेतली; ती टिकली नाही. ब्राझीलमधले वारी लोक १९६० च्या दशकापर्यंत आपले मृत खात. सख्खे नातलग खात नसत. ते रडत बसत आणि व्याह्या-जावयांना खाण्याची विनवणी करत. प्रेत थंड, ओल्या मातीत टाकणे त्यांना निर्दय वाटे. तेव्हा ‘नरभक्षण हा सगळा परक्यावर घेतलेला आळ’ एवढे म्हणून चालत नाही. माणसाने माणसाला खाल्ले आहे, आणि अनेकदा ज्याच्यावर जीव होता त्यालाच खाल्ले आहे. हे कळले की जंगलातला आरोळ्या ठोकणारा नरभक्षक फारच सोपा वाटू लागतो.

आता त्या दिग्दर्शकाच्या दुसऱ्या दाव्याकडे येतो. आपल्या संस्कृतीला ही कल्पना परकी आहे? श्रीधरांचे ‘शिवलीलामृत’ १७१८ मध्ये बारामतीत पूर्ण झाले. तेव्हापासून ते मराठी घरांत वाचले जाते. त्र्यंबकेश्वराच्या पंचक्रोशीत तर विचारायलाच नको. त्यात श्रीयाळ राजाची कथा आहे. शिव किळसवाण्या अतिथीचे रूप घेऊन दारी येतो आणि नरमांसाचे भोजन मागतो. विकतचे नको, परक्याचे नको, तुमचा एकुलता एक चिलयाच हवा. शाळेतून पोराला बोलावून आणतात. पोरगा स्वतःच होकार देतो. चांगुणा त्याला कापते, रांधते, पण पाहायला तरी राहावे म्हणून शिर बाजूला लपवून ठेवते. अतिथीला ते कळते. शिर उखळात घाल, म्हणतो, माझ्यासमोर कांड, डोळ्यांतून पाणी येता कामा नये, आणि कांडताना गाणे म्हण.

इथे थांबून पाहा. आई उखळापाशी बसली आहे. मुसळ वर जाते, खाली येते. तोंडाने गाणे चालू आहे. समोर पाहुणा पाहतो आहे आणि घरचा धर्म राखायचा आहे. देओदातोच्या सगळ्या नदीकाठावर याच्या जवळपास जाणारे एक दृश्य नाही. ही कथा आपल्या आज्यांनी गायिली, लहान मुलांसमोर गायिली, आणि तिला कुणी भयकथा म्हटले नाही. तिचे मूळ दक्षिणेत आहे. तमिळ ‘पेरियपुराणा’त, बाराव्या शतकात, शिरुत्तोंडराच्या घरी भैरवाच्या वेषात हाच पाहुणा येऊन गेला. म्हणजे निदान आठ-नऊशे वर्षे हा देश या ताटाभोवती बसून आहे.

अरण्यकांडातही कुंपणापलीकडच्या राक्षसांबरोबरच एक ताटावरची कथा आहे. इल्वल आपल्या भावाला, वातापीला, मेंढा बनवून रांधतो आणि श्राद्धाच्या ब्राह्मणांना वाढतो. जेवण झाले की हाक मारतो, आणि वातापी पोटे फाडून बाहेर येतो. अगस्ती त्याला पचवून टाकतात. प्रवरेकाठी अकोल्याला अगस्तींचे स्थान आहे, नाशिकहून दोन-अडीच तासांवर. आपण काय खातो आहोत हे पंक्तीला ठाऊक नसणे, यापेक्षा भयपटाला आणखी काय हवे?

ज्यांनी ही वाट धरली त्यांचे चित्रपट फसलेले नाहीत. भास्कर हजारिकांचा आसामी ‘आमिस’ (२०१९) अगदी बेताच्या खर्चातला आहे. मांसाहारावर संशोधन करणारा तरुण आणि एक विवाहित डॉक्टर. स्पर्शाची मुभा नाही, म्हणून तो तिला वेगवेगळी मांसे खिलवतो, आणि शेवटी आपल्याच मांडीचे मांस. डबा उघडतो, ती खाते, तिला आवडते. एवढ्यावर अंगावर काटा येतो. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हस्तरच्या सोन्यासाठी नावाजला जातो, पण मला त्यातली साखळदंडाने जखडलेली आजी जास्त छळते. तिला वेळेवर भरवावे लागते, आणि ती जागी झाली तर नातवालाच खाईल. आदित्य सरपोतदारांच्या ‘झोंबिवली’ने (२०२२) पाण्याचा प्रश्न घेतला तोपर्यंत दम होता, पुढे तो पळापळीत विरला.

तर माझी सूचना अशी की, नाशिकच्या एखाद्या दिग्दर्शकाने चांगुणा करावी. शेवटाचा पेच आहे. कथेत अतिथी म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, पोराला हाक मार. आणि हाकेसरशी चिलया धावत येतो. हा शेवट काढून टाकला तर भक्ताची कसोटी निव्वळ क्रूरता होते, आणि ज्या आशेवर बायकांनी ही कथा गायिली ती त्यांच्याकडून हिसकावली जाते. मी तो ठेवीन. पण चित्रपट तिथे संपवणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चूल पेटवावी लागेल, चिलया ताटावर बसेल, आणि काल ज्या हातांनी त्याला रांधले तेच हात त्याला वाढतील. श्रीयाळ शेजारी बसून खाईल का? पोराला काही आठवत असेल का? तो पुन्हा शाळेतून हाकेसरशी घरी येईल का? याची उत्तरे पोथीने दिलेली नाहीत, ती पटकथेला शोधावी लागतील. यासाठी जुन्या नाशकातला एखादा वाडा, चूल, उखळ आणि तीन-चार कसलेले नट पुरतील. ज्या दिग्दर्शकाने त्या चर्चेत पैशाचा मुद्दा काढला, त्याने हे करायचे ठरवले तर तेवढी रक्कम उभी करायला मी त्याच्याबरोबर दारोदार फिरायला तयार आहे.