उत्तर न देणाऱ्याची नोंद

आमच्या जिल्ह्याचं नाव २०२३मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. राजपत्रात ते झालं, प्रत्यक्षात ते अजून होतंच आहे. रेल्वे स्थानकाचं नाव बदलायला २०२५ उजाडलं. एखाद्या वेबसाइटवर पत्ता भरताना जिल्ह्यांच्या यादीत ‘डी’पाशी थांबायचं की ‘ओ’पर्यंत खाली जायचं, हे आधी सांगता येत नाही. नामांतराच्या राजकारणावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी पोटासाठी सर्व्हर सांभाळतो, म्हणून मला त्यात एक वेगळाच प्रश्न दिसतो. एकच बदल हजार ठिकाणी करायचा असतो, तेव्हा तो कुठे झाला, कुठे झाला नाही आणि कुठे झाला की नाही हेच कळलं नाही, याची नोंद कोण ठेवतं?

यातला तिसरा प्रकार आपण सहसा विसरतो. तो ‘झाला नाही’मध्ये धरला जातो, किंवा सोयीचं असेल तर ‘झाला’मध्ये.

माझं काम याच जातीचं आहे, फक्त छोटं. पूर्वी प्रत्येक मशीनसमोर बसून सेटिंग बदलावं लागे. आता एका फाइलमध्ये लिहायचं, की मशीन कसं असायला हवं: अमुक प्रोग्राम बसवलेला, तमुक फाइल अशी, हे पोर्ट बंद. मग अ‍ॅन्सिबलसारखं साधन सगळ्या मशीनवर जाऊन तपासतं, जिथे फरक असेल तिथे बदल करतं आणि जिथे सगळं आधीच तसं असेल तिथे हातही लावत नाही. शेवटी प्रत्येक मशीनमागे एक ओळ येते, तिच्यात सात आकडे: ओके, चेंज्ड, अनरीचेबल, फेल्ड, स्किप्ड, रेस्क्यूड, इग्नोर्ड. ठीक, बदललं, पोहोचता आलं नाही, फसलं, वगळलं, सावरलं, दुर्लक्ष केलं. माणसांच्या कामाचा हिशेब इतक्या बारकाईनं मांडलेला मी तरी पाहिलेला नाही.

पण गंमत अशी, की हा हिशेब स्क्रीनवर येतो आणि खिडकी बंद केली की जातो. लॉग कुठे साठवायचा हे तुम्ही मुद्दाम सांगितलं नाही, तर अ‍ॅन्सिबल चालवणाऱ्याच्या बाजूला काही ठेवत नाही. त्यासाठी वेगळी सोय करावी लागते. ‘आरा’ नावाचं एक मुक्त साधन तेवढ्याचसाठी आहे: प्रत्येक रन डेटाबेसमध्ये उतरवून ठेवायचा. ज्यानं काम केलं त्यानं नोंदही ठेवली असेल, हे आपण उगीच धरून चालतो. करणं आणि नोंदवणं ही दोन कामं आहेत.

महसूल खात्याला हे आमच्या धंद्याच्या कितीतरी आधी कळलं होतं. सातबारा तुम्ही पाहिला असेल. तो जमिनीची आजची स्थिती सांगतो. ती स्थिती कशी आली हे सांगते वेगळी वही, गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही. वारस लागला, खरेदीखत झालं, बोजा चढला, की आधी फेरफार. संबंधितांना नोटीस, हरकतीसाठी मुदत, मग मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणन आणि त्यानंतर सातबाऱ्यावर बदल. जुनं नाव पुसून टाकायचं नाही, त्याला कंस करायचा. आणि ज्या फेरफारावर वाद आहे, त्यासाठी आणखी एक वही: नमुना ६-अ. तलाठी कार्यालयावर चिडायला कारणं पुष्कळ असतात, पण ज्या कुणी ‘हे अजून ठरलेलं नाही’ यासाठी स्वतंत्र वही काढली, त्याच्याबद्दल मला आदर आहे.

नोंद आणि अहवाल हे शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो. माझ्या मते त्यांत मोठा फरक आहे. नोंद कोण वाचणार हे लिहिताना ठाऊक नसतं. सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता काहीतरी बंद पडेल आणि कुणी अनोळखी पोरगी डोळे चोळत ती उघडेल. अहवाल कोण वाचणार हे मात्र पक्कं ठाऊक असतं आणि तो बहुधा तुमचं बिल मंजूर करणारा असतो. धोका तेव्हा सुरू होतो, जेव्हा अहवाल छान दिसावा म्हणून नोंद बदलली जाते.

हे हवेत बोलत नाही. एका पतसंस्थेच्या शाखांमधली ४० मशीन आमच्याकडे होती. रोज रात्री रन चालायचा. ३९ मशीन हिरवी किंवा पिवळी. भूमकडच्या एका शाखेतलं एक रोज लाल, अनरीचेबल. चौकशी केली तर कारण साधं निघालं: संध्याकाळी कुलूप लावताना शिपाईकाका मेन स्विच खाली करायचे. शॉर्टसर्किटची भीती. त्यांचं काही चुकत नव्हतं. दिवसा काउंटरवर गर्दी असते म्हणून रन चालवायला परवानगी नव्हती. तेवढ्या काळात त्या मशीनवर एकही सुरक्षा अपडेट गेलं नाही आणि त्याच मशीनवर लोकांच्या ठेवींची खाती उघडली जात होती.

महिन्याच्या अहवालाआधी आमचे वरिष्ठ म्हणाले, “ते मशीन तात्पुरतं यादीतून काढ. ३९पैकी ३९ होईल.”

यात खोटं काय? एकही वाक्य खोटं नाही. ३९ मशीन तपासली, ३९ ठीक निघाली. आपल्याकडे अशा वेळी ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणायची रीत आहे. पण युधिष्ठिरानं ‘कुंजर’ हा शब्द निदान उच्चारला तरी होता, भले हळू आवाजात. इथे हत्तीच यादीतून काढायचा होता.

हेच काम आणखी नाजूकपणे करता येतं. ‘इग्नोर एरर्स’ अशी एक ओळ लिहिली, की फसलेलं काम फेल्डमध्ये मोजलं जात नाही, ते ओके आणि इग्नोर्डमध्ये जातं. ती ओळ वाईट नाही, कधी कधी लागतेच. पण इग्नोर्डचा आकडा सगळ्यात शेवटी असतो आणि तिथपर्यंत नजर क्वचितच जाते.

मी मशीन काढलं नाही. अहवाल ४०पैकी ३९ असा गेला. बैठकीत पतसंस्थेच्या साहेबांनी विचारलं, “मशीन खराब आहे का?”

“नाही.”

“मग लाल कशाला?”

“खराब आहे की नाही हे आपल्याला माहीत नाही, म्हणून.”

त्यांना हे उत्तर आवडलं नाही. त्या महिन्याचं बिल अडकलं आणि ऑफिसात पुढचे काही दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं झालं. वरिष्ठांना मी लबाड म्हणणार नाही. पगार त्यांना वाटायचे होते. लाल दिसताच जो पैसे कापतो, त्याला हळूहळू हिरवंच दाखवलं जातं, आणि त्याचा दोष निम्मा तरी पाहणाऱ्याचा असतो.

मग सगळंच लिहावं का? तसंही नाही. पासवर्ड लॉगमध्ये उतरू नये म्हणून अ‍ॅन्सिबलमध्ये ‘नो लॉग’ची सोय आहे. तिथे निकाल दिसतो, आतला मजकूर झाकलेला असतो आणि तो झाकला आहे हेही लिहिलेलं असतं. झाकणं आणि गाळणं यांतला फरक मला तिथे कळला.

साहेबांनी नंतर फोन करून विचारलं, स्विच कोण बंद करतं, नाव लिहून पाठवा. फेरफारावर नाव लागतं, कारण हक्क माणसाचा असतो. इथे नाव गेलं असतं तर त्याचा फक्त मेमो झाला असता. सुधारित अहवालात मी ओळ ठेवली ती अशी: भूम शाखा, मशीन क्र. ३१, शेवटचं उत्तर २३ दिवसांपूर्वी, रात्री शाखेचा वीजपुरवठा बंद असतो, मशीनसाठी वेगळी लाइन हवी.