रुमालाखालचा भाव

परवा अकोल्याला गेलो होतो. अमरावतीला तालमीत जाणाऱ्या चिरंजीवांसाठी प्रथिनांच्या भुकटीचा डबा घेतला. छापील किंमत 3,200 रुपये. दुकानदार हळूच म्हणाला, "तुमच्यासाठी म्हणून 1,800." लढाई जिंकल्यासारखा मी घरी आलो. आईने डबा हातात फिरवला आणि विचारले, "मंग याची खरी किंमत कोनती रे?"

मी निरुत्तर झालो. पूर्वी बाजारात दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. माल ज्याचा, तो शेतकरी नुसता रुमालाकडे पाहत राही. बाजाराला शिस्त लागावी म्हणून आपल्या वऱ्हाडात 1897 साली कापूस-धान्य बाजाराचा कायदा झाला. आज डब्यावर घटक, वजन, किंमत सारे छापावे लागते. 'औषधी उपयोगासाठी नाही' हेसुद्धा. पण ही भुकटी कायद्याने अन्न ठरते. अत्यावश्यक औषधांच्या किमतीला सरकारी मर्यादा असते. इथे कमाल किंमत किती छापायची, ते बनवणाराच ठरवतो. म्हणजे छापील आकडाच रुमाल झाला!

आणि खरे सांगू? तो रुमाल मलाही हवा होता. सर्वांना एकच भाव असता, तर 'तुमच्यासाठी म्हणून' हे शब्द कुठून ऐकायला मिळाले असते? 1,400 रुपये वाचल्याच्या आनंदात डब्यात काय आहे हे वाचायचे राहूनच गेले. मला विश्वास नको होता, मेहेरबानी हवी होती.

आईने तो डबा फराळाच्या डब्यांशेजारी ठेवला. त्यांच्यावर काहीच छापलेले नव्हते. तरी आत काय आहे, ते साऱ्या घराला ठाऊक होते.