सुई टेकते तेव्हा कोण गातं?

पावसाळा भरात असताना नळदुर्गच्या किल्ल्यातल्या पाणीमहालात उतरलं, की पहिली काही मिनिटं माणसाला बोलणं सुचत नाही. बोरी नदीवरच्या दगडी बंधाऱ्याच्या पोटात ही दालनं बसवली आहेत. दोन्ही अंगांनी नर आणि मादी हे धबधबे कोसळत असतात, आणि मधल्या सज्जात उभा असलेला माणूस मात्र कोरडा राहतो. खिडकीबाहेर नुसतं पांढरं दिसतं. कानावर पडतो तो एकच सलग नाद, ज्याला सुरुवात सापडत नाही आणि समही. क्षणापूर्वीचं पाणी केव्हाच खाली गेलेलं असतं. तरी आवाज 'तोच' वाटतो.

हा महाल १६१३ सालचा. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत मीर मुहंमद इमादीन याने तो बांधला. सुलतान स्वतः गाणारा आणि पदं रचणारा होता. त्याचा 'किताब-ए-नौरस' दख्खनी भाषेत आहे आणि त्यात पहिलं वंदन सरस्वतीला आहे. गुलबर्ग्याच्या गेसूदराजांवर पदं आहेत, गणपतीवर आहेत, त्याच्या लाडक्या हत्तीवर आहेत आणि 'मोतीखान' नावाच्या तंबोऱ्यावरही आहेत. लोक या राजाला 'जगद्गुरू' म्हणत. प्रत्येक पदावर रागाचं नाव आहे: तोडी, मल्हार, कल्याण, केदार.

शब्द शाबूत आहेत, रागाची नावंही आहेत. गाणं मात्र गेलं. त्याच्या तोडीत गंधार कुठे लागत होता, मल्हाराची आस कशी सुटत होती, हे आज कुणालाच सांगता येत नाही. चारशे वर्षांत रागांची नावं तीच राहिली आणि आतले सूर सरकत गेले. पाणीमहाल उभा आहे, वरून पाणीही पडतं आहे, पण त्याच राजाच्या गळ्यातला एक षड्जसुद्धा उरलेला नाही. जुन्या तबकड्यांचा नाद असलेल्या कुठल्याही माणसाला हे दुःख आपलं वाटेल, मग तो ख्यालाचा रसिक असो की जॅझचा. तो आयुष्यभर एकाच प्रश्नाभोवती फिरत असतो. नाद एकदा उमटून गेला की तो जातो कुठे? आणि परत येतो, तेव्हा तो तोच असतो का?

हा प्रश्न ग्रामोफोनहून फार जुना आहे. जैमिनीच्या परंपरेतले मीमांसक म्हणत, शब्द नित्य आहे. गळा तो निर्माण करत नाही, फक्त प्रकट करतो. अंधाऱ्या खोलीतली वस्तू दिवा आणल्यावर दिसते. दिव्याने ती वस्तू घडवलेली नसते, तसंच हे. त्यांचा मोठा आधार होता प्रत्यभिज्ञेचा. काल ऐकलेला 'ग' आज पुन्हा कानी पडला, तर आपण म्हणतो, हा तोच 'ग'. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण असून तो उत्पन्न होतो आणि लगेच नष्टही होतो. 'तोच' वाटणं म्हणजे दिव्याच्या ज्योतीसारखं. रात्रभर एकच ज्योत तेवते असं आपण म्हणतो, पण दर क्षणी तेल नवं जळत असतं आणि ज्योतही नवी असते. मग शब्द कानापर्यंत पोचतो कसा? त्यासाठी त्यांनी वीचितरंगन्याय सांगितला: पाण्यावरची एक लाट दुसरीला जन्म देते आणि स्वतः विरून जाते. कानाला भेटते ती शेवटची लाट. पहिली कुणालाच भेटत नाही.

मीमांसकांना काळजी वेदाच्या शब्दांची होती, बैठकीतल्या गाण्याची नव्हती, हे खरं. तरी त्यांचा वाद लाखेच्या तबकडीवर इतका नेमका बसतो, की तो तिथे न लावणं हाच करंटेपणा ठरेल.

नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गैसबर्गने गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपताच तिने इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना कुणाचा आवाज आहे ते कळायला हवं. तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा करून तान घेऊन संपवायचा, हे गाणाऱ्यांना नवंच होतं. काहींनी ते आत्मसात केलं. काहींनी नाकारलं. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले. कोल्हापूर दरबारात आणि मुंबईत त्यांच्या गाण्याने भले भले गवई थक्क झाले होते, पण त्यांची एकही तबकडी नाही. भास्करबुवा बखल्यांचीही नाही. खाँसाहेबांचं गाणं आज ऐकायचं तर केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यातून ऐकावं लागतं. म्हणजे तिथे तबकडी होती ती माणसाचीच, आणि ती कोरायला दोन-अडीच दशकांची तालीम लागली.

त्याच केसरबाईंचा आवाज आज मानवी आवाजांत सर्वात दूर गेलेल्यांपैकी आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवली गेली. पृथ्वीवरच्या संगीतातून कार्ल सेगन यांच्या समितीने जे निवडलं, त्यात गोव्याच्या केरी गावच्या या गायिकेची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. आणि त्याच तबकडीवर लुई आर्मस्ट्राँगचं १९२७ सालचं 'मेलन्कली ब्लूज' आहे. जयपूरची गायकी आणि शिकागोचा जॅझ एकाच खोबणीने सूर्यमालेबाहेर गेले. व्हॉयेजर १ चं उड्डाण ५ सप्टेंबरला झालं. केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. नैयायिक इथे विचारील की त्या निर्वात पोकळीत ते गाणं 'आहे' का? तबकडी आहे, खोबणी आहे, सुईसुद्धा बरोबर दिली आहे. पण ऐकणारा कान नाही, आणि हे गाणंच आहे असं ओळखणारा कुणी नाही.

जॅझच्या चाहत्याला ही शंका वेगळ्या वाटेने छळते. जॅझमध्ये चीज थोडी आणि उपज फार. एकच धून एका बैठकीत तीनदा मुद्रित होते, प्रत्येक वेळी वाजवणारा वेगळं काही सांगून जातो आणि कंपनी त्यातलं एक निवडते. पुढे तीस-चाळीस वर्षांनी नव्या आवृत्तीत उरलेलीही बाहेर येतात. रसिक हरखतो आणि गोंधळतोही. इतकी वर्षं ज्याला तो 'ते गाणं' म्हणत होता, ते अनेकांतलं एक होतं. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'चं उदाहरण तर चटका लावणारं आहे. २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये मुद्रण चालू असताना एक यंत्र किंचित मंद चालत होतं. त्यामुळे तबकडीच्या पहिल्या बाजूचे सूर खऱ्याहून थोडे चढे उमटले. तीन दशकांहून अधिक काळ जगभरच्या रसिकांनी तेच सूर कानात जपले. वाजवणाऱ्यांनी आपली वाद्यं त्याच पट्टीला मिळवली. १९९०च्या दशकात चूक दुरुस्त झाली, तेव्हा ज्यांनी जुनी तबकडी उशाशी ठेवून तरुणपण काढलं त्यांना खरा सूरच उतरल्यासारखा वाटला असेल, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

आपल्याकडेही हेच आहे. जुन्या तबकड्या नेमक्या किती फेऱ्यांनी फिरत होत्या, याला एक नियम नव्हता. अब्दुल करीम खाँसाहेबांची चीज नव्याने काढताना त्यांची पट्टी कोणती, हे काढणाऱ्याला ठरवावं लागतं. अंदाज थोडा चुकला तर ठुमरीची आर्तता बदलते. खरखर काढण्याचंही तसंच. ती फार घासली तर मागचा तंबोराही पुसला जातो. नवी आवृत्ती काढणारा स्वच्छ आवाजाच्या लोभाने हे करतो, तेव्हा तो चूक करतो. खरखर हा काळाचा आवाज आहे आणि तंबोरा हा गाण्याचा. दोन्हींवर हात टाकायचा अधिकार कुणालाही सहज मिळू नये.

मराठी घरात जॅझ आला तो मात्र दुरुस्त आवृत्त्यांतून नव्हे, १९५१च्या 'अलबेला'तून. पुणतांब्याचे सी. रामचंद्र संगीतकार, भगवान पालव नायक आणि दिग्दर्शक, आणि ट्रम्पेट चिक चॉकलेटचा. अल्डोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ हे त्याचं खरं नाव. गोव्यातली ही मंडळी चर्चच्या शाळेत मिस्सासाठी स्वरलिपी शिकली होती. देवाच्या सेवेसाठी शिकलेली लिपी मुंबईच्या नाचघरात उपज करायला कामी आली. त्या लिपीत लिहिलेलं टिकलं. वाजवताना जे सुचलं ते मात्र तबकडीवर उतरलं तेवढंच.

आणि खेळ? तोही नादासारखाच घडून जातो, आणि जॅझशी त्याचं जुनं नातं आहे. 'जॅझ' हा शब्द छापात आला तो संगीतासाठी नव्हे. १९१२ साली लॉस एंजेलिसच्या वृत्तपत्रात बेन हेंडरसन नावाच्या बेसबॉलच्या गोलंदाजाच्या वळणाऱ्या चेंडूला ते नाव दिलेलं दिसतं. बेसबॉलच्या धावपत्रकाला रूप देणारा हेन्री चॅडविक इंग्लंडात जन्मला होता आणि आधी क्रिकेटवर लिहीत असे. धावपत्रक ही खेळाची स्वरलिपी. पुण्यात डिसेंबर १९४८ मध्ये काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राचा भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर होता. संघाच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या आणि ब्रॅडमनचा नाबाद ४५२ चा विश्वविक्रम नऊ धावांवर होता. प्रतिस्पर्धी कर्णधाराने सामनाच सोडून दिला. धावपुस्तक ४४३ सांगतं, ती खेळी सांगत नाही. इब्राहिमच्या पदांवर 'तोडी' लिहिलेलं असतं, तसं. निंबाळकर कोल्हापूरचे, आणि अल्लादिया खाँसाहेबांचा दरबारही कोल्हापूरचाच. एकाच गावाशी दोन मोठ्या गोष्टी जोडलेल्या आहेत आणि दोन्ही आता फक्त सांगण्यात उरल्या.

'परत येतो तो तोच असतो का?' या प्रश्नाचं एक उत्तर नळदुर्गला फार दिवसांपासून ठाऊक असावं. इथे मैलारपूरला खंडोबाचं मंदिर आहे आणि जवळच्या अणदूरला दुसरं. मूर्ती मात्र एकच. वर्षातले दहाएक महिने देव अणदूरला असतो आणि पौषातल्या यात्रेच्या सुमाराला काही आठवडे नळदुर्गला येतो. त्यासाठी दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. मूर्ती दुसरी घडवून दोन्हीकडे कायम ठेवणं सोपं होतं, पण गावांनी ते केलं नाही. त्यांनी वाट पाहणं पत्करलं, आणणं आणि पोचवणं पत्करलं. येणाऱ्याला ओळखणारे लोक पिढ्यान् पिढ्या उभे राहिले, म्हणून देव आला की यात्रा भरते.

नादाचंही असंच आहे. सूर क्षणिक आहे, इथे नैयायिकांचंच खरं. सुई टेकते तेव्हा १९३५ सालचे अब्दुल करीम खाँसाहेब परत येत नाहीत. एक नवी लाट उठते आणि तीही विरते. पण मीमांसकांची प्रत्यभिज्ञा नाकारून चालत नाही. 'हा तोच' असं म्हणणारा कुणीतरी असतो, म्हणूनच त्या लाटेला गाणं म्हणता येतं. नित्य काही असलंच, तर ते तबकडीत नाही, ओळखणाऱ्यात आहे. गदगमध्ये एका मुलाने दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली. तिच्याशेजारी बसून तो तीच ती ऐकत राहिला नाही. १९३३ साली, अकरा वर्षांचा असताना, त्याने घर सोडलं. ग्वाल्हेर, रामपूर, जालंधर असा फिरत तो शेवटी कुंदगोळला खाँसाहेबांच्या शिष्याकडे, सवाई गंधर्वांकडे पोचला आणि भीमसेन जोशी झाला. त्या तबकडीने त्याला गाणं दिलं नव्हतं, हाक दिली होती. इब्राहिमच्या पदांमागे अशी हाक ऐकून घर सोडणारा कुणी उरला नाही, म्हणून ती पदं आज फक्त वाचता येतात.

म्हणून मराठवाड्यातल्या आणि त्या पलीकडच्याही घरांना एक विनंती. माळ्यावर, पेटीत, आजोबांच्या कपाटात लाखेच्या तबकड्या असतील तर त्या भंगारवाल्याला देऊ नका. कोरड्या मऊ फडक्याने खोबणीच्या दिशेने पुसा आणि उभ्या ठेवा; एकावर एक आडव्या रचू नका. लेबलावरचं नाव आणि मधल्या गुळगुळीत भागावर कोरलेला क्रमांक उतरवून ठेवा, कारण मुद्रण केव्हाचं आणि कुणाचं हे पुष्कळदा तिथूनच कळतं. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था आहे. तिच्याशी संबंधित मंडळींनी असे क्रमांक जमवून कितीतरी विसरलेल्या गवयांना पुन्हा नाव दिलं आहे. आणि एवढं झालं की ती तबकडी घरातल्या सगळ्यात लहान मुलाला शेजारी बसवून एकदा लावा.